राहूची पंगत



गेल्या कोजागिरीस आपल्या मंदिराच्या गच्चीवर दूध आटत असता घडलेली एक गोष्ट आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहोत. गोष्ट लहान आहे. परंतु ती ऐकून आम्ही मनसोक्त हसलो, आणि त्या हसण्याचे शल्य अद्याप निघालेले नाही, म्हणून या पानावर लिहिणे भाग पडले.

आपल्या सभासदांपैकी एक कुटुंब उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रसफरीस जाऊन आले. कोणत्या बोटीने, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. घरातील मुलगा बावीस वर्षांचा, चलाख, आणि नकला करण्यात तर तरबेज. त्याने सांगितले ते असे. बोटीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूस एक राखीव भाग असतो. काचेचे दार, आणि ते उघडते फक्त तेथील खोल्या घेणाऱ्यांच्या कार्डाने. हा पठ्ठ्या कानाला फोन लावून दाराशी उभा राहिला. एक जोडपे आले, त्यांनी कार्ड लावले, याने अदबीने दार धरून त्यांस आत जाऊ दिले आणि मागोमाग आपणही शिरला. थोड्या वेळाने त्याच युक्तीने बहिणीस आत घेतले. आत मऊ पलंग, माणसे मोजकी, आणि न मागता फळांच्या तबका समोर येत होत्या.

बहीणभाऊ मराठीत बोलत होते. तबक घेऊन आलेल्या सेवकाने ते ऐकले व हळूच विचारले, “कुठचे तुम्ही?” “सुरतचे. कतारगामचे.” “मी गुहागरचा.” मग आवाज आणखी खाली आणून तो म्हणाला, “दादा, तुम्ही इथले नाही हे मला कळलंय. दहा मिनिटं बसा नि जा. वरचे साहेब आले तर माझ्यावर येईल.”

ही दोघे दीड तास बसली. पुढे साहेब आलेच. त्यांनी कार्डे मागितली, अगदी सौजन्याने दोघांस दाराबाहेर पोहोचविले, आणि गुहागरच्या त्या पोराला बाजूस घेऊन काही बोलू लागले. सफरीच्या उरलेल्या दिवसांत तो पुन्हा दिसला नाही. हे सारे आपल्या चिरंजीवांनी अशा काही हावभावांनी सांगितले, की गच्ची हास्याने दणाणून गेली. “आपला माणूस भेटला म्हणून सोय झाली,” असेही कोणी म्हणाले. आम्हीही हसलो. पातेल्यापाशी दूध ढवळीत बसलेल्या एका आजीबाई मात्र पळी थांबवून म्हणाल्या, “आणि त्या पोराचं रे काय झालं?”

कोणास ठाऊक नव्हते. कोणी विचारलेही नव्हते. मग दूध वाटले गेले आणि विषय तेथेच राहिला.

आपण सुरतकर समुद्रास नवखे नाही. मोगलांच्या अमदानीत तापीच्या मुखातून मक्केस यात्रेकरूंची गलबते जात. मक्काई पुलाचे नाव त्याचीच आठवण देते. आणि आज आपल्या कतारगामातील हिऱ्याच्या कारखान्यांतले सौराष्ट्राचे शेजारी हजिऱ्याहून घोघ्याच्या बोटीने गावी जातात. ८ नोव्हेंबर २०२० रोजी ही सेवा सुरू झाली आणि सडकेने सुमारे ३७० किलोमीटरांचा पडणारा वळसा समुद्रावरून ९० किलोमीटरांवर आला. त्या बोटीवरही बसण्याचे वर्ग आहेत, भाडी निरनिराळी आहेत. यात नवल नाही. नवल आहे ते मोठ्या सफरीच्या बोटींचे. त्यांवर आता बोटीच्या पोटातच दुसरी बोट वसविली जाते. एमएससी या कंपनीने २००८ साली आपल्या ‘फँटासिया’ नावाच्या बोटीवर ‘यॉट क्लब’ म्हणून असा भाग प्रथम आणला. त्याचे भोजनगृह वेगळे, दिवाणखाना वेगळा, पोहण्याचा तलाव वेगळा. नॉर्वेजियन कंपनीच्या बोटींवर अशाच भागास ‘हेवन’ म्हणतात, म्हणजे आसरा. नाव ऐकून आम्हांस मौज वाटली. भर समुद्रात आसरा कोणापासून? वादळ तर साऱ्या बोटीस सारखेच लागावयाचे. आसरा हवा तो खालच्या मजल्यावरील सहप्रवाशांपासून!

तेव्हा अशा दारांविषयी आम्हांस फार आदर आहे, असे कोणी समजू नये. पण दार गर्विष्ठ आहे म्हणून चोरपावलांनी आत शिरणे निर्दोष ठरते काय, हा आजचा प्रश्न आहे.

आमच्या त्या तरुण मित्राचा युक्तिवाद असा की, पलंग रिकामाच होता, मी बसल्याने तो झिजला नाही, कोणाचे काय गेले? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण ज्या गल्लीत तो राहतो, त्या गल्लीत सकाळी घंटीवर बसणारा रत्नकलाकार दुसऱ्याच्या मालकीच्या हिऱ्यांची पुडी उघडतो, दिवसभर घासतो आणि संध्याकाळी वजन करून परत देतो. एका कॅरटचे शंभर सेंट. सारे कॅरट भरते ते एक पंचमांश ग्रॅम. एक सेंट कमी आला तर ते नखाएवढेही दिसणार नाही. तरी तो कमी येत नाही, म्हणून हे कतारगाम उभे आहे. आमच्या या मित्राचे वडीलही हेच काम करतात, आणि मुलाने पुडीतील हिरा खिशात टाकला असता तर त्यांनी अन्न सोडले असते. मग तोच मुलगा दुसऱ्याच्या जागी दीड तास बसून आला, तेव्हा तेही आमच्याबरोबर हसले कसे? आमच्या समजुतीप्रमाणे, याचे कारण असे की वस्तू उचलली तर आपण तिला चोरी म्हणतो, आणि जागा उचलली तर हुशारी म्हणतो.

पतंजलींनी पाच यम सांगितले, त्यांत अस्तेय हा तिसरा. अस्तेय म्हणजे चोरी न करणे, एवढा अर्थ शाळेतील पोरही सांगेल. परंतु योगसूत्रांवरील व्यासभाष्यात हा शब्द अधिक खोल नेलेला आहे. परक्याचे न घेणे एवढ्यावर भाष्यकार थांबत नाहीत; त्याची स्पृहाच नसणे, येथवर ते अस्तेयाची मर्यादा नेतात. या मापाने पाहिले तर पलंग झिजला की नाही हा हिशेब गौण ठरतो. कानाला फोन लावून जो उभा राहिला, त्या फोनवर पलीकडे कोणीही नव्हते. तेथेच चोरी पुरी झाली. पुढचा दीड तास हा केवळ तिचा उपभोग होता.

पुराणांत या विषयाची एक गोष्ट आहे, आणि ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. समुद्रमंथनानंतर अमृत निघाले, विष्णूने मोहिनीरूप धरले, देव एका पंक्तीस आणि असुर दुसऱ्या पंक्तीस बसविले, व वाढणे सुरू झाले देवांकडून. स्वर्भानू नावाच्या असुराने डाव ओळखला. त्याने देवाचा वेष घेतला आणि सूर्य व चंद्र यांच्यामध्ये जाऊन बसला. अमृत ओठांपाशी आले, कंठापर्यंत उतरले, तोच सूर्यचंद्रांनी खूण केली आणि चक्र सुटले. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे येथे, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच गावी मोहिनीराजाचे देऊळ आहे. अमृताची ती पंगत येथेच बसली होती असे तिकडील लोक सांगतात, आणि राहूचे शिर उडून पडले ते राहुरीस, असेही सांगतात.

आता कीर्तनकार येथे थांबून चोरट्यास कशी शिक्षा झाली ते रंगवून सांगतात. आम्हांस मात्र या कथेत नेहमी एक काटा टोचत आला आहे. मंथनात असुरही होते. वासुकीच्या मुखाकडील बाजू त्यांच्याच वाट्यास आली होती. त्याच्या फूत्कारांची आग त्यांनी सोसली. मग अमृतात त्यांचा भाग नव्हता काय? मोहिनीने त्यांस फसविलेच होते. तेव्हा स्वर्भानूची तक्रार खरी होती, हे आम्ही मान्य करतो. गुहागरच्या त्या पोराने बोटीवर चोवीस घाम गाळावेत आणि त्या पलंगावर त्याने क्षणभर टेकू नये, हीही तक्रार खरीच आहे. फक्त ती करण्याचा अधिकार त्याचा होता, आपल्या मित्राचा नव्हे.

पण खरी तक्रार असूनही स्वर्भानूने काय केले? त्याने आपल्या पंक्तीत उभे राहून ‘वाढणी सारखी होत नाही’ असे म्हटले नाही. तो म्हणाला असता तर सारे असुर उठले असते आणि मोहिनीला उत्तर द्यावे लागले असते. त्याने आपल्या भावंडांस तेथेच सोडले, त्यांचा वेष टाकला आणि एकट्यापुरते अमृत मिळविले. वाढणी जशी होती तशीच राहिली. फक्त तो तेवढा दुसऱ्या बाजूस जाऊन बसला. आणि त्याला मिळाले तरी काय? मस्तक अमर झाले, पण त्याखाली पोटच उरले नाही. आजही तो सूर्यचंद्रांस गिळतो असे आपण म्हणतो, आणि ग्रहण सुटते, कारण गिळलेले कंठातून तसेच बाहेर पडते. उपाशी अमर! अशी शिक्षा पुराणकारांस सुचावी, याचे आम्हांस अजून कौतुक वाटते.

याच्या शेजारी दुसरी दारे ठेवून पाहावीत. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारांपुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे उभी राहिली. दारे बंद झाली. सत्याग्रह पाच वर्षे चालला. त्या हजारोंपैकी कोणी नाव बदलून, वेष बदलून गर्दीतून आत सरकू शकला नसता काय? सहज शकला असता, आणि रामाचे दर्शन घेऊन आला असता. पण जो अन्याय आहे तो उघड्यावर उभा राहिला पाहिजे, म्हणून ती माणसे उघड्यावर उभी राहिली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरी प्राणांतिक उपोषणास बसले. त्यांस स्वतःस तर कोणी अडविले नव्हते. ते ब्राह्मण, केव्हाही आत जाऊ शकत होते. ज्यांस अडविले होते, त्यांच्यासाठी ते बाहेर बसले. आणि पंढरीच्या महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे, ती आपण वारीस गेलो की पाहतोच. ते बाहेर उभे राहिले. त्यांस बाहेर ठेवणाऱ्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत.

तेव्हा दारापाशी माणूस दोन रीतींनी उभा राहतो, आणि बाहेरून पाहता दोघेही दाराकडेच बघत असतात. एक म्हणतो, हे दार सर्वांस उघडा. दुसरा म्हणतो, मी आत शिरेपर्यंत कोणी पाहू नका.

तिसऱ्याही एका प्रकारचा माणूस असतो, पण तो विरळा. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेस ‘राजपुताना’ बोटीने निघाले, तेव्हा त्यांनी त्या बोटीवरील सर्वांत खालच्या वर्गाचे तिकीट काढले होते आणि बराचसा वेळ ते उघड्या डेकवर काढीत. बरोबरच्या मंडळींनी मात्र लोकांनी भेट दिलेल्या पेट्या व सामान भरपूर घेतले होते. ते पाहून बापू संतापले आणि एडन बंदरातून पुष्कळसे सामान परत पाठविण्यात आले. ज्यास वरच्या मजल्यावर हाताला धरून नेले असते, तो खाली राहिला. इतकेच येथे सांगावयाचे.

या निमित्ताने आमच्या लहानपणीची एक रात्र आठवते. १९६४-६५ चा सुमार. आम्ही नऊ-दहा वर्षांचे. आईवडिलांबरोबर भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीस बोटीने निघालो होतो. तिकीट खालच्या डेकचे. तेथे टोपल्या, ट्रंका, वळकट्या आणि इंजिनाच्या तेलाचा उग्र दर्प. हर्णै मागे पडण्यापूर्वीच आईस बोट लागली. उलट्यांनी तिचा जीव कासावीस झाला. आम्ही जिना चढून वर गेलो, तो वरच्या डेकवर गार वारा आणि एक बाक रिकामे. आम्ही आईस हाताला धरून वर आणली आणि त्या बाकावर निजविली. तिला बरे वाटू लागले. आमच्या पराक्रमाचा आम्हांस केवढा अभिमान वाटला!

वडील वर आले. त्यांनी आईच्या कपाळावर हात ठेवला, आम्हांस काही बोलले नाहीत, आणि बोटीवरील कारकुनास शोधीत गेले. कारकून कंदिलाच्या उजेडात पेंगत होता. “बसू द्या हो मास्तर,” तो म्हणाला, “आजारी बाई आहे, रात्रीचं कोण पाहतंय?” वडिलांनी वरच्या डेकच्या भाड्यातील फरक मोजून दिला, आईचा आणि आमचाही, आणि स्वतः सामानापाशी खाली जाऊन बसले. रत्नागिरीस पडावातून उतरलो तेव्हा गाडीभाड्यास पैसे उरले नव्हते. आईस चढावावर दोनदा खाली बसावे लागले. आम्ही रागाने म्हणालो, “तो तर सोडत होता की!” वडील ट्रंक दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाले, “त्याने सोडलं. पण बोट त्याची होती का?”

त्या दिवशी आम्हांस वडिलांचा अतिशय राग आला होता. खरे सांगावयाचे तर आईस चालताना पाहून आलेला तो राग आजही पुरता गेलेला नाही. इतके काटेकोर असावे की नसावे, याचा निकाल आम्हांस लावता येत नाही. पण एक गोष्ट कोजागिरीच्या रात्रीनंतर प्रथमच ध्यानात आली. पैसे भरल्यामुळे त्या पेंगणाऱ्या कारकुनाच्या नोकरीस धक्का लागण्याचा संभव राहिला नाही. वडिलांनी फरक मोजला तो काही अंशी त्याच्यासाठी होता. गुहागरच्या मुलासाठी कोणी काही मोजले नाही. तो ‘आपला माणूस’ होता, म्हणून त्याच्या आपलेपणावर आपण दीड तास निजलो.

येथवर लिहून लेखणी खाली ठेवली असती तर बरे झाले असते. पण पंगतीचा विषय निघाला आहे, आणि पंगत आपल्याही घरी बसते.

गेल्या आषाढी द्वादशीस, बारस सोडण्याच्या वेळी, मंदिराच्या मंडपात पहिली पंगत देणगीदार कुटुंबांची होती. पिवळ्या चिठ्ठ्या दिलेल्या होत्या. यादी आमच्याच हाती होती. यंत्रमागांवर काम करणाऱ्या खानदेशी कुटुंबांतील दोन मुले, नऊ-दहा वर्षांची, बाहेरच्या रांगेतून निसटून आत आली आणि दोन रिकाम्या पानांवर बसली. वाढप्याच्या ते लक्षात आले नाही. आमच्या आले. आम्ही जाऊन त्यांस दंडाला धरून उठविले. धाकट्याने पुरीचा तुकडा मोडलेला होता. तो त्याने पानात परत ठेवला.

ही मुले राहूप्रमाणेच शिरली होती, हे खरे. नियम मोडला होता, हेही खरे. पण बोटवाल्याने आपला मजला विकला तर तो त्याचा व्यापार आहे. आम्ही विठ्ठलाच्या बारशीची पंगत कोणत्या अधिकाराने वाटून घेतली? त्या मुलांनी बाहेर उभे राहून ‘ही वाढणी सारखी नाही’ असे म्हणावयास हवे होते, असे नऊ वर्षांच्या पोरांस सांगण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. ते म्हणावयास हवे होते आम्ही, आणि यादी आमच्या हाती होती. कोजागिरीस आम्ही हसलो तेव्हा तो पुरीचा तुकडा आम्हांस आठवला नाही. आजीबाईंचा प्रश्न ऐकल्यावर आठवला.

समितीतील काही ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे निराळे आहे, आणि ते येथे नमूद करणे न्यायाचे होईल. मंडपाचे पत्रे, मोठी पातेली, पाण्याची टाकी, हे सारे देणगीदारांच्या पैशांतून झाले; त्यांच्या वृद्ध आईवडिलांस दोन तास रांगेत उभे करणे हा कृतघ्नपणा होईल, असे ते म्हणतात. वृद्धांची अडचण खरी आहे. परंतु मग पहिली पंगत वृद्धांचीच का असू नये, मग ते पत्रे देणारे असोत की माग चालविणारे? आम्ही तसा प्रस्ताव लेखी दिला आहे.

आता त्या तरुणाविषयी. पंधरवड्यापूर्वी तो आमच्याकडे आला. आम्ही त्यास बोलाविले नव्हते. त्याच्या बहिणीने त्या दिवशी काढलेल्या एका छायाचित्रात मागे तो सेवक उभा आहे आणि त्याच्या छातीवरील नावाची पट्टी वाचता येते. त्यावरून या मुलाने बोटीच्या कंपनीस पत्र धाडले आहे. त्यात त्याने लिहिले आहे की, आम्ही लबाडीने आत शिरलो, तुमच्या माणसाने आम्हांस जावयास सांगितले होते, आम्ही गेलो नाही. दोष सर्वस्वी आमचा. पाठविण्यापूर्वी ते पत्र त्याने आम्हांस वाचून दाखविले. वाचताना या वेळी त्याने कोणाची नक्कल केली नाही. उत्तर अद्याप आलेले नाही.

येत्या कार्तिकी द्वादशीस पहिल्या पंगतीस वाढण्याचे काम त्याने मागून घेतले आहे. ती पंगत कोणाची असावी, हे रविवारी सायंकाळच्या आरतीनंतर सभामंडपात भरणाऱ्या बैठकीत ठरावयाचे आहे. सभासद कुटुंबांनी उपस्थित राहावे. त्या आजीबाईही येणार आहेत. त्यांस जिना चढवत नाही, म्हणून या वेळी बैठक गच्चीवर न ठेवता खालीच ठेवली आहे.